माझ्या कानाची पेटुनिया

१४ जून

आजचा हिशेब. चेक सहा लाखांचा, पहिला हप्ता. थुंकी दोन चमचे. थुंकीच्या आधी अर्धा तास चहा बंद. मानेसरला जाऊन-येऊन चार तास. पद्मजाचे टोमणे तीन. एवढ्यात माणूस अमर होत असेल तर स्वस्तात पडलं.

काम असं आहे. स्वानंदी नावाची एक पुण्याची मुलगी मानेसरच्या लॅबमध्ये जीन एडिटिंग करते. नोकरी म्हणून पिकांचं, कला म्हणून फुलांचं. कुणी रंग वापरतं, कुणी दगड, ही जीन वापरते. माणसाचा एक जीन घेऊन झाडात बसवायचा, झाड काचेच्या बंद पेटीत, पेटी गॅलरीत. कुठला जीन द्यायचा, एवढंच तिने विचारलं. मी क्षणभरही थांबलो नाही. कानाचा.

१९८९ साली बार्शीहून फरीदाबादला फिटर म्हणून आलो. ओळख नाही, डिग्री नाही, हिंदीसुद्धा अर्धी. फक्त कान. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर, मूठ कानाला, आणि मी सांगायचो हे बेअरिंग किती दिवस काढेल. चाळीस फुटांवरून नुसतं ऐकूनही सांगायचो. इंजिनीअर लोक वह्या घेऊन मागे उभे राहायचे. आज स्वतःचा कारखाना आहे, एकशे दहा माणसं. सगळं या कानावर. असा कान पुन्हा होणे नाही, म्हणून फुलात ठेवतोय.

१५ जून

पद्मजा म्हणाली, थुंकीवर सहा लाख घालवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला यावा. पुढे आणखी काही म्हणाली, पण हल्ली ती ओट्याकडे तोंड करून बोलते. मी बिल्कुल म्हटलं. दिल्लीकडे येऊन शिकलेला सगळ्यात कामाचा शब्द. समोरचा काय म्हणाला याने फरक पडत नाही, बिल्कुल कुठेही बसतं.

संध्याकाळी नवीन डोअरबेल बसवली. या वर्षातली तिसरी. वाजतच नाहीत. कुरिअरवाला म्हणे बाहेर दहा मिनिटं उभा होता.

संकल्प: १. रोज ही डायरी. २. सकाळी कोरफडीचा रस. ३. कृत्रिम सगळं बंद.

२ जुलै

(संकल्प १ ला थोडा खंड. २ चालू होता, पोट बिघडलं म्हणून बंद.)

स्वानंदी घरी आली. मी कमळ सुचवलं. ती म्हणाली, कमळाला वर्षं लागतील सर, पेटुनिया घेऊ, पेटुनियात जीन पटकन बसतो. पेटुनिया! हिवाळ्यात इथल्या प्रत्येक चौकात लावतात ती. पंधरा रुपयांना रोप. मी म्हटलं, माझा कान ट्रॅफिक सिग्नलच्या फुलात? ती म्हणाली, हीच तर गंमत आहे. ही पेटुनिया कुठल्याच जंगलात उगवत नाही. दोनशे वर्षं माणसांनी जोड्या लावून लावून बनवलीये. लोक मात्र तिला निसर्ग समजून तिच्याबरोबर सेल्फी काढतात.

माझ्या समोर, टेबलाला टेकून, तोंडाकडे बघत बोलते. चांगली मुलगी. अशी स्पष्ट बोलणारी माणसं कमी झालीत.

मग मी तिला नैसर्गिक म्हणजे काय ते समजावलं. पाऊण तास. मी एकसष्ट वर्षांचा, माझ्यात कृत्रिम काही नाही. (चार दाढा. डाव्या डोळ्यातलं भिंग. केसांचा रंग, पण तो मेंदीत कालवलेला.) म्हणून अट घातली, लिहून घे म्हटलं: माझ्या जीनमधलं एक अक्षरही बदलायचं नाही. जसा आहे तसा. ती दोनदा म्हणाली, नक्की ना सर? जे निघेल ते? म्हटलं, बिल्कुल. हे मात्र नीट ऐकून म्हटलं.

तिने हेही सांगितलं की झाडाला ऐकू येणार नाही, ते जीन फक्त बाळगेल. यावर पद्मजा चहा ठेवता ठेवता काहीतरी बोलली आणि दोघी खूप हसल्या. मीही हसलो. विनोद चांगला असावा.

३० जुलै

सोसायटीची चिठ्ठी. आपल्या फ्लॅटमधला टीव्ही सातव्या मजल्यापर्यंत ऐकू येतो. आम्ही तिसऱ्यावर. सातव्यावर तो रिटायर्ड कर्नल राहतो, त्याचा पार्किंगवरून माझ्यावर राग आहे. चिठ्ठी फाडली. टीव्हीचे आवाज तर उलट कमी झालेत, सगळे चॅनल पैसे वाचवतायत. पूर्वी वीसवर ठेवायचो, आता साठवरही कुजबुजतो.

९ सप्टेंबर

स्वानंदीचा फोन. मी कारखान्यात, प्रेस मशीनच्या शेजारी. बावीस मिनिटं बोलली. माझा जीन वाचून झाला, एवढं सुरुवातीला नीट कळलं. पुढे तिचं नेटवर्क गेलं. मानेसरला एवढ्या फॅक्टऱ्या उभ्या केल्या, टॉवर उभे करायला कुणाला सुचलं नाही. मी अधूनमधून बिल्कुल म्हणत राहिलो. एकदा ती गप्पच झाली. मग काहीतरी विचारलं, बहुतेक जगापुढे ठेवू का असं. कलाकार मंडळी घाबरट असतात, धीर द्यावा लागतो. म्हटलं, बिल्कुल बेटा, जगाला दिसू दे.

अंकुरला सांगितलं. (अंकुर माझा प्रॉडक्शन मॅनेजर, पलवलचा, अकरा वर्षं माझ्याकडे.) म्हटलं, जीन इतका चांगला निघाला की मुलीला धड बोलता येईना.

११ सप्टेंबर

तिची ईमेल. चौदा पानं, इंग्रजी, बारीक अक्षर. वाचली नाही. माझं तत्त्व पक्कं आहे: कागदावर कुणीही काहीही लिहितो, माणूस आवाजात सापडतो. पस्तीस वर्षं आवाजावर सौदे केले, एकदाही फसलो नाही. शेवटच्या पानावर सही हवी होती. ओटीपी टाकला.

२१ सप्टेंबर

काल वल्लरी आणि जावई मानस यांनी कनॉट प्लेसला जेवायला नेलं. हॉटेलात गाणी चालू. वल्लरीने माझा हात हातात घेतला आणि काहीतरी सांगितलं. एकुलती एक मुलगी, लाडात आली की असंच करते. म्हटलं, बिल्कुल, पण बिल मी देणार. तिने हात काढून घेतला. मानस पाणी प्यायला. पद्मजा माझ्याकडे बघत राहिली. दाल गोड होती.

२२ सप्टेंबर

पद्मजाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. (ती शेजारच्या खोलीत होती.) एप्रिलमध्ये आपण आजी-आजोबा होणार आहोत. मुलीने ही बातमी तुमचा हात धरून दिली तेव्हा तुम्ही बिलाचं बोललात.

ताबडतोब पाच किलो पेढे नोएडाला पाठवले. हल्लीची पिढी आनंदाच्या बातम्या फार हळू सांगते. आमच्या वेळी गल्लीला कळायचं.

८ ऑक्टोबर

अंकुर म्हणतो चार नंबरचं मशीन आवाज करतंय. फळ्यावर खडूने लिहून दाखवलं. शॉपफ्लोअरवर आताशा कुणी तोंडाने बोलतच नाही, सगळे खुणा करतात. शिस्त वाढली आहे.

मी स्वतः गेलो. स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर, मूठ कानाला. पूर्ण शांत. दुपारच्या देवळासारखं. अंकुरने परत तेच टुमणं लावलं, साहब, व्हायब्रेशन मीटर घेऊ या, स्वस्त मिळतो. चार ऑपरेटर बघत होते. त्यांच्यासमोर सांगितलं, मीटर त्याला लागतो ज्याला देवाने कान दिले नाहीत. सगळे हसले. अंकुर सोडून. विनोदबुद्धी नाही मुलाला.

१७ ऑक्टोबर

चार नंबर जाम. बेअरिंगचा चुरा, शाफ्ट वाकला. चार दिवस लाइन बंद. ऑपरेटर म्हणतात, मशीन आठ दिवस किंचाळत होतं, गेटवर चौकीदाराला ऐकू जायचं. चौकीदाराला बोलावून विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला.

निष्कर्ष: ग्रीसिंग नीट नव्हतं.

१९ ऑक्टोबर

अंकुरला काढलं. दिवाळी तोंडावर आहे म्हणून बोनस देऊन काढलं, मी माणुसकी सोडत नाही. जाताना पाया पडला आणि वाकल्या वाकल्या काहीतरी बोलला. मी बिल्कुल म्हटलं, पाठीवर थाप मारली. मनात काही ठेवत नाही.

नंतर अकाउंट्सवाल्याने सांगितलं तो काय बोलला. साहब, आपको सच में सुनाई नहीं दे रहा था क्या?

आणि मी बिल्कुल म्हटलं. प्रश्न विचारायची ही पद्धत नव्हे. वर बघून विचारायचं.

१० नोव्हेंबर

हवेच्या प्रदूषणाचा आकडा साडेचारशेच्या वर. चौथा महिना चालू असताना वल्लरी मास्क लावून नोएडाहून आली. समोर बसली, मास्क काढला आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली, जसा मी कुणी जपानी पाहुणा.

म्हणाली, बाबा, आजीला चाळिशीपासून ऐकू येत नव्हतं. तुम्हालाही येत नाही. नाही म्हणू नका. हे घराण्यातलं असेल तर माझ्यात असेल, बाळात असेल. डॉक्टर म्हणतात, आधी ज्याला त्रास आहे त्याचं तपासू या. त्याच्यात कुठलं अक्षर बिघडलंय ते कळलं की माझ्यात नेमकं तेवढंच शोधता येतं. तुमचं थोडं रक्त हवंय. बस. मला झोप लागत नाही बाबा. डोहाळजेवण नको, काही नको, एवढं द्या.

मी शांतपणे समजावलं. एक, मला त्रास नाही. दोन, माझ्या आईलाही नव्हता. तिला नको ते ऐकू यायचं नाही, बायकांना असते ती सोय. हे मला चांगलं माहीत आहे, कारण शाळेत असताना मी यावर पैजा लावायचो. आई विहिरीवर पाणी भरत असायची, आम्ही पोरं मागे उभी. मी मोठ्याने हाक मारायची, आई वळते का बघायचं. एकदाही वळली नाही. पुष्कळ गोट्या जिंकल्या. नंतर वळून बघायची तेव्हा पोरं हसत असायची, मग तीही हसायची. कशाला हसताय म्हणून कधी विचारलं नाही. त्रास असता तर विचारलं असतं.

तीन, ज्या कानाचं फूल फेब्रुवारीत दिल्लीच्या गॅलरीत लागणार, त्या कानाची तपासणी? लोकांना कळलं तर?

वल्लरी रडली. म्हणाली, थुंकी द्यायला मानेसरपर्यंत जाता, आणि मला... तेवढ्यात तिने मास्क चढवला, पुढचं त्यात गेलं.

गरोदरपणात बायका हळव्या होतात. रक्त देण्याचा विचार करीन. प्रदर्शनानंतर.

४ डिसेंबर

पद्मजाने टीव्हीवर खाली अक्षरं लावून दिली. मराठी मालिकेला इंग्रजी अक्षरं. माझं इंग्रजी सुधारावं असा तिचा हेतू असणार. वल्लरीचा फोन येत नाही. पद्मजाला येतो, तासभर चालतो. मी समोर बसून ऐकतो. पद्मजाच्या चेहऱ्यावरून सगळं ठीक आहे.

२५ जानेवारी

भाषण लिहून झालं. विषय: मी आणि निसर्ग. अकरा मिनिटं. शेवटचं वाक्य: मला कुणी घडवलं नाही, मला कुणी दुरुस्त केलं नाही, मी जसा आलो तसा उभा आहे. पद्मजाला वाचून दाखवलं. म्हणाली, शेवटचं खरं आहे.

दुसरा हप्ता गेला. स्वानंदीने फुलाचा फोटो पाठवला. जांभळं. सुंदर. कानासारखं काही दिसत नाही, पण कला समजायला वेळ लागतो.

२० फेब्रुवारी, दुपारी चार

सूट. मेंदी. लाडो सरायच्या गॅलरीत संध्याकाळी उद्घाटन. दीडशे लोक. बार्शीच्या एका फिटरचा कान आज कलेच्या इतिहासात जाणार. सातव्या मजल्यावरच्या कर्नललाही बोलावलंय, येऊन बघ म्हणावं.

२१ फेब्रुवारी, सकाळी

सविस्तर लिहितो. म्हणजे नंतर कुणी वेगळं सांगू नये.

एक पेटी असेल असं वाटलं होतं, दोन होत्या. स्वानंदीने सरप्राइज ठेवलेलं. दोन काचेच्या पेट्या, दोन कुंड्या, दोन्हींत जांभळी पेटुनिया. डाव्या पेटीवर मोठ्या अक्षरांत: नैसर्गिक. उजवीवर: संपादित. खाली बारीक अक्षरात मजकूर. चष्मा गाडीत राहिला होता. पण वाचायची गरजच काय? डावं माझं. उजवं तुलनेसाठी.

मध्ये हेडफोन टांगलेला. मी घातला. काहीही नाही. शुद्ध शांतता. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकली, मान डोलावली. काय कल्पना! फुलाच्या आतली शांतता. कॅमेरेवाले धावले, खूप फोटो निघाले. नंतर एक तरुण हेडफोन घालून तोंडावर हात धरून बाजूला गेला. भारावला असणार.

भाषण झालं. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्याच, पण त्याआधी एक विचित्र स्तब्धता होती. मोठ्या वाक्यांना अशी मिळते. एका पत्रकार बाईने काही विचारलं, मी म्हटलं बिल्कुल, आणि सगळा हॉल हसला. मीही हसलो.

वल्लरी उशिरा आली. तीन महिन्यांनी दिसली. पोट चांगलंच दिसतंय. ती सरळ डाव्या पेटीकडे गेली, खालचा मजकूर वाचला. पुन्हा वाचला. फोनमध्ये फोटो काढला. मग तिथेच फरशीवर बसली. मानस पाणी घेऊन धावला. मी लांबून हाताने विचारलं, कसं आहे? तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. लहानपणी ताप चढला की बघायची तशी.

पद्मजाने दंड धरून मला पेटीपाशी नेलं. तिचा चष्मा माझ्या नाकावर ठेवला. माझ्या नाकाला तो लहान होतो, पण वाचता आलं.

नैसर्गिक: दात्याचा श्रवणाचा जीन. दात्याच्या अटीनुसार एकही अक्षर न बदलता. दोन हजारांहून अधिक अक्षरांत एक चुकीचं आहे. या चुकीने चाळिशीनंतर ऐकू येणं कमी होत जातं. मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी.

संपादित: तोच जीन, ते एक अक्षर दुरुस्त करून.

हेडफोन: हे सर्व दात्याला सांगणारा फोन, बावीस मिनिटं. दात्याचे होकार सतरा.

कर्नल शेजारीच उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतकी वर्षं पार्किंगवरून भांडलो, पण हा हात मला जास्त लागला.

२२ फेब्रुवारी

वकिलाकडे. ती चौदा पानं कालच त्याला पाठवली होती, त्याने वाचली. नाव, रेकॉर्डिंग, निदान, दुसरी कुंडी, सगळ्याला परवानगी आहे. ओटीपीसकट. नववं पान त्याने माझ्यासमोर सरकवलं. त्यात ठळक अक्षरांत एकच ओळ होती: ही माहिती आपल्या मुलांना लवकरात लवकर कळवावी.

म्हणजे वल्लरी जे मागायला आली होती ते ११ सप्टेंबरपासून माझ्या मेलमध्ये पडून होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वकिलालाही सांगितलं, कुणाला सांगू नकोस. त्याने सांगितलं की वल्लरी मॅडमनी त्याच्याकडूनच सकाळी कॉपी मागून घेतली.

२४ फेब्रुवारी

स्वानंदीला मेसेज: दोन्ही पाट्यांची अदलाबदल करून टाक, फुलं दिसायला सारखीच आहेत, कुणाला कळणार. ज्यादा पैसे देतो.

तिचं उत्तर: सर, अक्षर बदललं की ते नैसर्गिक राहत नाही. अट तुमचीच आहे. मला खरंच वाटलं होतं तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. मी रडत सांगत होते आणि तुम्ही म्हणालात, जगाला दिसू दे. मी घरी जाऊन आईला तुमच्याबद्दल सांगितलं.

त्याखाली आणखी एक: प्रतिसादामुळे प्रदर्शन दोन आठवडे वाढवलंय. हेडफोनला रांग आहे.

६ मार्च

अंकुरने फोटो पाठवला. गॅलरीत उभा, कानाला हेडफोन. खाली फक्त नमस्ते साहब. तो आता मानेसरला एका कारपार्टवाल्याकडे आहे. तिथे सगळं मीटरवर चालतं म्हणे. कान वापरायची संधीच नाही. बिचारा.

कारखान्यात कुणी हसत नाही. निदान मी मागे वळून बघतो तेव्हा तरी नाही.

१८ मार्च

वल्लरीचा रिपोर्ट आला. फॅमिली ग्रुपवर टाकलाय: माझ्यात नाही. बाळाचा प्रश्न मिटला. पाटीच्या फोटोवरून आणि त्या चौदा पानांवरून डॉक्टरांनी नेमकं तेच अक्षर शोधलं.

मी ग्रुपवर उत्तर लिहिलं: म्हणजे माझंच रक्त, पुढे जाताना आपोआप दुरुस्त झालं. निसर्गाने स्वतः एडिट केलं, लॅबच्या कात्रीशिवाय. मी नैसर्गिक म्हणतो ते यालाच.

निळ्या टिक्स आल्या. तिघांच्या.

२६ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे सहज गेलो, ओळख असावी म्हणून. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी एकूण छत्तीस वेळा दाबलं. बाहेर आल्यावर त्या मुलीने कागदावर लिहून दाखवलं: सर, पहिली पाच मिनिटं मशीन सुरू नव्हतं.

कानातली दोन यंत्रं घेतली. बारकी आहेत, दिसत नाहीत. पण कृत्रिम वस्तू शरीरात घालायची तर दिवस बघून घालावी. संकल्प: गुढीपाडव्यापासून.

३० मार्च

पाडवा. यंत्रं चार्ज करायची राहिली. शिवाय श्रीखंडाच्या गडबडीत कुठे नवीन काही सुरू करा. अक्षय्य तृतीया बरी. ती मुळातच नवीन कामाला चांगली.

२५ एप्रिल, दुपारी

नात झाली. २२ तारखेला, तीन किलो. पहिल्याच दोन दिवसांत हॉस्पिटलवाल्यांनी कानांची तपासणी केली, दोन्ही उत्तम. मी सगळ्यांना पेढे वाटताना सांगत होतो, कान कुणाचे आहेत!

आज डिस्चार्ज. पद्मजा वल्लरीला घेऊन शेवटच्या तपासणीला गेली, मानस खाली बिलिंगला. बाळ माझ्या मांडीवर देताना वल्लरीने खूण करून विचारलं, कानात घातलंय ना? मी खिसा थोपटला. यंत्रं खिशात होतीच. अक्षय्य तृतीयेला पाच दिवस आहेत.

दोघंच होतो. तिला बार्शीपासून सुरुवात केली. रेल्वेचा प्रवास, पहिला कारखाना, इंजिनीअर मागे कसे उभे राहायचे. ती एकटक माझ्याकडे बघत होती. मध्ये एक मोठी जांभई दिली. मग आणखी मोठी. गाल लाल झाले, मुठी आवळल्या, पाय झाडले. तल्लीन झाली होती. माझी गोष्ट इतका वेळ कुणी ऐकून घेतलेली नाही, घरात तर नाहीच. शांत पोरगी. मी म्हटलं, माझ्यावर गेलीस तू. तिने तोंड उघडून काहीतरी उत्तर दिलं. म्हटलं, बिल्कुल.

चार नंबरच्या मशीनपर्यंत आलो होतो तेवढ्यात दार उघडलं. दोन नर्स, त्यांच्यामागे मानस धापा टाकत, आणि टाक्यांवर हात दाबून वल्लरी. नर्सने बाळ माझ्या हातातून काढून घेतलं. मी म्हटलं, अरे हळू, ऐकतेय ती.

कुणीच काही बोललं नाही. किंवा बोलले असतील. वल्लरीने फोनवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्या डोळ्यांसमोर धरली.

बाबा, ती वीस मिनिटं रडत होती.